"मावशी, रस्त्यावर याचा काय उपयोग?"

संध्याकाळपासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल.

ताईकडे सगळे जमलो होतो. माझ्या दंडावर परवाच्या सरावातला काळानिळा डाग आहे, तो भाच्याने पाहिला. "मावशी, अजून ज्युडो चालू आहे तुझं?" हो म्हटलं. "पण रस्त्यावर याचा काय उपयोग? ज्युडो आता जुनं झालं. शिकायचंच तर एमएमए शीक, नाहीतर निदान बीजेजे." (एमएमए म्हणजे सगळ्या युद्धकलांची मिश्र लढत, बीजेजे म्हणजे ब्राझिलियन जिऊ-जित्सू, त्यात भर जमिनीवरच्या पकडींवर.) पोरगा २२ वर्षांचा. मॅटवर आजवर एकदाही पाय ठेवलेला नाही, क्लिपा मात्र रात्ररात्र बघतो. त्याचं बोलणं मी मनावर घेतलं नसतं. पण भाऊजी म्हणाले, "अरे, शेहेचाळिसाव्या वर्षी कसलं एमएमए! गुडघे सांभाळले तरी मिळवलं." सगळे हसले. मीही हसले.

घरी येताना वाटेत राग आला तो त्या माझ्या हसण्याचा. कारण हे हसणं माझ्या चांगलं ओळखीचं आहे. दुखत असताना मी हसते. त्यावरून एक प्रसंग आठवला, तो आधी सांगते.

मी ज्युडो सुरू केलं त्रेचाळिसाव्या वर्षी. पहिले तीन आठवडे फक्त पडायला शिकवलं. मागे, बाजूला, पुढे. हनुवटी छातीशी, हात मॅटवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. पाचव्या महिन्यात एकदा माझी जोडी एका १९ वर्षांच्या मुलीबरोबर लागली. तिचा ब्राउन बेल्ट. जमिनीवरचा सराव चालू होता. बघता बघता तिने माझा हात दोन्ही पायांमध्ये पकडला, पाठीवर पडली आणि माझं कोपर सरळ करायला लागली. आर्मबार. तो लागला की काय करायचं हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं. समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा हात आपटायचा, म्हणजे टॅप करायचं. हात मोकळा नसेल तर तोंडाने सांगायचं. समोरचा त्याच क्षणी सोडतो.

मला हे सगळं माहीत होतं. माझा डावा हात मोकळा होता. तरी मी टॅप केलं नाही. दात दाबून पडून राहिले. मनात म्हटलं, अजून थोडं सोसू, ती दमेल, सोडेल.

शेवटी तिनेच सोडलं. उठून बसली, चेहरा पार उतरलेला. म्हणाली, "काकू, तुम्ही सांगत का नाही?"

पुढचे तीन आठवडे माझं कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं. पण ते वाक्य कोपरापेक्षा जास्त दिवस दुखलं.

आता भाच्याकडे येते. बाळा, तू हे वाचणार आहेस, म्हणून तुलाच सांगते. जुनं म्हणजे काय ते तरी नीट माहीत करून घे. जपानमध्ये कानो जिगोरो नावाचा एक सडपातळ मुलगा होता. शाळेत दांडगट पोरं त्याला छळायची, म्हणून तो जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजविद्या शिकला. १८८२ साली, जवळजवळ तुझ्याच वयाचा असताना, एका देवळात बारा तातामींच्या, म्हणजे गवती चटयांच्या, जागेत त्याने मूठभर विद्यार्थी घेऊन कोदोकान, म्हणजे ज्युडोची पहिली शाळा, सुरू केलं. जुन्या जुजुत्सूतले जे डाव पूर्ण जोराने केले तर जोडीदार जायबंदी होईल, ते त्याने मोकळ्या सरावातून काढून टाकले. ऐकायला वाटतं, अरे, म्हणजे विद्या मवाळ केली! पण झालं उलटंच. जे उरलं ते रोज, पूर्ण ताकदीने, खऱ्याखुऱ्या विरोध करणाऱ्या माणसावर करून बघता येऊ लागलं. त्यालाच रांदोरी म्हणतात. "आमचे डाव इतके जीवघेणे आहेत की ते सरावात करताच येत नाहीत" असं सांगणाऱ्यांना ते डाव आपल्याला खरंच येतात की नाही, हे कधी कळणार? कानोंच्या शिष्याला रोज संध्याकाळी कळायचं.

आणि तुझं लाडकं बीजेजे? कोदोकानचाच माएदा मित्सुयो १९१४ साली ब्राझीलला पोहोचला, त्याच्याकडून ते ग्रेसी घराण्यात गेलं. तुझ्या क्लिपांमध्ये 'किमुरा' म्हणून जी पकड दाखवतात, ते एका ज्युडोकाचं नाव आहे. किमुरा मासाहिको. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्याची एलियो ग्रेसीशी लढत झाली. किमुराने हात पिरगळून धरला. एलियोने टॅप केलं नाही. हात मोडला, तरी केलं नाही. शेवटी त्याच्या भावाने टॉवेल टाकून लढत थांबवली. हरलेल्या बाजूनेच त्या पकडीला जिंकणाऱ्याचं नाव दिलं, याबद्दल मला त्या लोकांचा फार आदर वाटतो.

पण ही गोष्ट जिथे तिथे एलियोच्या शौर्याची म्हणून सांगतात. पूर्वी मलाही ते शौर्य वाटलं असतं. आता नाही वाटत. आता मला ती मुलगी दिसते, उतरलेल्या चेहऱ्याची, माझा हात सोडून उठून बसलेली.

उलटी गोष्टही सांगते. १९९३ मध्ये पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांची स्पर्धा, झाली. त्यात एलियोचा मुलगा रॉइस एका रात्रीत तिघांना हरवून जिंकला. त्यातला पहिला आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर होता, एकाच हातात ग्लोव्ह घालून आलेला. रॉइस त्याच्या छातीवर बसला आणि जिमरसनने टॅप केलं. ना हात पिरगळलेला, ना गळा आवळलेला. लोक अजून त्याला हसतात. मी नाही हसत. खाली अडकलोय, यातून सुटता येत नाही, हे त्याला कळलं आणि त्याने ते सांगितलं. मला हे जमायला पाच महिने आणि एक सुजलेलं कोपर लागलं.

बरं, ज्युडोच सर्वश्रेष्ठ असं मी म्हणत नाहीये. २०१३ पासून स्पर्धांमध्ये हाताने पाय धरायलाच बंदी आहे, त्यामुळे आमची ती बाजू कच्ची राहते. आणि जमिनीवरचं काम बीजेजेवाले आमच्यापेक्षा बारकाईने करतात, हे मान्य. झालं समाधान?

ज्युडोच्या आधी मी सहा महिने बॉक्सिंग केलं. तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती. बाहेरून बघणाऱ्याला तीन मिनिटं म्हणजे काहीच वाटत नाही. दुसऱ्या राउंडच्या शेवटी हात खांद्यापाशी ठेवणंही जड होतं आणि त्या अवस्थेत समोरून ठोसा येतच असतो. पाय कसे हलवायचे, श्वास कुठे सोडायचा, घाबरलेलं असताना डोळे उघडे कसे ठेवायचे हे मला बॉक्सिंगने शिकवलं आणि ते ऋण मी विसरणार नाही. सोडलं ते डोक्यासाठी. डोक्यावर बसणारे फटके हाडांसारखे भरून येतात असं मला वाटत नाही, आणि माझं पोट डोक्याच्या कामावर चालतं. विशीतल्याने हा हिशोब वेगळा मांडला तर माझं काही म्हणणं नाही.

कराटेबद्दल लोक वाटेल ते बोलतात, त्याचाही राग येतो. "हवेत हात मारायचे" म्हणे. एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, हजार वेळा करणाऱ्या माणसाला उभं राहताना बघा एकदा. टाचेपासून मुठीपर्यंत अंग एका ओळीत येतं. क्योकुशिन या कराटेच्या प्रकारातले तर ग्लोव्हशिवाय एकमेकांच्या बरगड्यांवर पूर्ण जोराने मारतात, फक्त हाताने चेहऱ्यावर मारत नाहीत. हवेत म्हणे! आयकिडो मी फक्त पाहिलंय. देखणं आहे, पण जोडीदार सहकार्याने पडत असतो, आणि मला तिथे माझं खोटं चाललं असतं. मी सहकार्य करण्यात फार पटाईत आहे, आयुष्यभर तेच केलंय. ज्यांना तिथे शांतता मिळते त्यांना मिळो. मुआय थाईमध्ये कोपर आणि गुडघेही चालतात, ताकद अफाट, पण त्याबद्दल बोलण्याइतकं मी केलेलं नाही.

माझी कसोटी एवढीच आहे. समोरचा माणूस खरा विरोध करतो का, आणि मी थांब म्हटल्यावर थांबतो का? दोन्ही हवं. कुस्ती घ्या, बॉक्सिंग घ्या, काहीही घ्या. नुसता विरोध असेल तर ती मारामारी, आणि नुसतं थांबणं असेल तर तो नाच. पूर्ण जोर लावता येतो तो टॅप आहे म्हणूनच. क्लास निवडताना नावापेक्षा हे बघा. आणि जिथे अमुक महिन्यांत ब्लॅक बेल्ट नक्की असं फीसोबतच सांगतात, तिथून चपला घालून परत या. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला असा बेल्ट मिळाला होता. दुसऱ्या ठिकाणी पहिल्या रांदोरीत तिला दहा सेकंदात खाली दाबून धरलं. त्या दिवशी ती जे रडली ते हरल्यामुळे रडली नव्हती. तिच्याशी कोणीतरी इतके महिने खोटं बोललं होतं. पहिल्या दर्जाच्या ब्लॅक बेल्टला 'शोदान' म्हणतात, आणि त्यातल्या 'शो'चा अर्थच मुळी सुरुवात असा आहे. तो विकायला काढणाऱ्यांना लाज वाटायला हवी.

आणि तो 'रस्ता'. कुठला रस्ता रे? माझ्या वयाच्या माणसाला रस्त्यावर पाडतं कोण? ओली फरशी, चुकलेली पायरी. पडायचं कसं हे अंगात मुरलेलं असणं हाच माझ्यासाठी रस्त्यावरचा उपयोग. कोणी चाकू घेऊन आलाच तर मी पळणार, आणि आमचे सरही पळाच म्हणतात. हो, कोणी मनगट धरलं तर आता मी गोठून जाणार नाही, धरलेलं असण्याची सवय झालीये, हा फरक आहेच. पण मी तेवढ्यासाठी जात नाही.

मी का जाते? आता राग उतरलाय, तर नीट सांगून बघते.

मोठं झाल्यावर आपल्याला कोणी काही खरं सांगत नाही. ऑफिसात आपल्या हाताखालचे गोड बोलतात, वरचे मोघम बोलतात, घरचे सांभाळून घेतात. मॅटवर २० सेकंद पाठीवर दाबून धरलं की समोरचा जिंकला. त्या वीस सेकंदांत माझं पद, माझा पगार, माझं वय, मी कोणाची आई आणि कोणाची सून, काही कामाला येत नाही. मला सुटता येतं किंवा येत नाही. एवढं साधं, एवढं स्पष्ट उत्तर मला दिवसभरात दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाला मिळत नाही.

आणि स्पर्श. हे लिहायला संकोच वाटतो, पण तुम्ही सगळी माझी माणसं आहात. चाळिशीनंतर आपल्याला हात लावतं कोण? डॉक्टर, नवरा, मुलं, तीही लहान असेपर्यंतच. मॅटवर एक अनोळखी माणूस आपली मान तुमच्या हातात देतो आणि तुम्ही ती सुखरूप परत करता. मग जागा बदलायची. आमच्याकडे एक ५८ वर्षांचे गृहस्थ आहेत, बायको गेल्यानंतर वर्षभराने यायला लागले. बोलत काही नाहीत. उकेमी, म्हणजे पडण्याचं तंत्र, मात्र अशी करतात की अख्खा हॉल वाजतो.

त्या कोपराच्या प्रसंगानंतर एक झालं. दोन सहकाऱ्यांचं काम चार वर्षं मी माझ्या कामाबरोबर ओढत होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी सांगितलंच नव्हतं, हसत होते. एका सोमवारी साहेबांसमोर बसून सांगितलं, हे माझ्याच्याने होत नाही, काढून घ्या. आवाज कापत होता. ते म्हणाले, "अहो, मग आधी सांगायचं ना." त्या मुलीचंच वाक्य, फक्त माणूस वेगळा.

गुडघ्यांबद्दल भाऊजी अगदीच चुकीचं बोलले नाहीत. डावा दुखतो. पट्टा बांधते, त्या बाजूने फेक घेत नाही, जोडीदाराला आधी सांगून ठेवते. पण त्यांनी ते सगळ्यांसमोर आणि तसं म्हणायला नको होतं, हे उद्या त्यांना फोन करून सांगणार आहे.

आणि तू, बाळा. शनिवारी सकाळी सात वाजता ये. माझ्याकडे जुना ज्युडोगी, म्हणजे ज्युडोचा पोशाख, आहे, तुला होईल. आधी पडायला शिकवीन, मग समोर उभी राहीन. तू माझ्यापेक्षा वीस किलोंनी जड आहेस, जोर लाव, मावशी म्हणून सोडू नकोस. हात अडकला तर दोनदा आपट, मी सोडेन. मी आपटला की तू सोड.