ह्यांचा नंबर कधी?

काल संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी मेन्टेनन्सची पावती द्यायला आले आणि दारातच चपला काढून, हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. समोर टीव्हीशेजारी माझा फोटो. फोटोला चंदनाचा हार. "कधी झालं?" त्यांनी बायकोला हळू आवाजात विचारलं. तेवढ्यात मी खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूममधून बाहेर आलो. माणूस दचकायला तरी हवा होता. "अरे, आहात होय!" एवढंच म्हणाले आणि पावती माझ्या ओल्या हातात दिली. उशिराचा दंडही लावला होता.

त्या फोटोफ्रेमची ही करणी. दहा इंची डिजिटल फ्रेम मुलीने न्यू जर्सीहून पाठवली. तिच्या प्लगच्या पिना चपट्या, आपली भोकं गोल. तिला वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं चालतं, ५चं नाही, हे कळण्यात माझा एक अख्खा रविवार गेला. खातं मुलीच्या नावावर, त्यामुळे सेटिंग बदलायचं तर तिला फोन करायचा, आणि आपल्याला सुचतं तेव्हा तिथे हमखास पहाटेचे तीन वाजलेले असतात. मला फक्त फोटो चढवायची परवानगी. मी उत्साहाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपचं अख्खं फोल्डर चढवलं. परिणामी आमच्या दिवाणखान्यात सध्या नातीचं बारसं, गुलाबावर 'शुभ सकाळ', गॅसचं बिल, माझ्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आणि वरच्या मजल्यावरून गळणारी आमची भिंत आळीपाळीने दर्शन देतात.

अशात वाईहून आत्या आली. वय ब्याऐंशी, दृष्टी शाबूत. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच फ्रेममध्ये आतोबा प्रकटले.

"अगंबाई, ह्यांचा फोटो लावलास! आणि हार नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाऊन तिने हार आणला आणि फ्रेमला घातला. हात जोडले, डोळे मिटले. उघडले तर समोर गॅसचं बिल.

"बाळ्या, हे कुठे गेले?"

"येतील गं आत्या. दर पंधरा सेकंदांनी फोटो बदलतो. २१४ फोटो आहेत."

"म्हणजे ह्यांचा नंबर कधी?"

मी हिशेब केला. साडेत्रेपन्न मिनिटं. आत्याने खुर्ची ओढली आणि एस.टी.ची वाट बघावी तशी बसली. वाटेत जो येईल त्याला हाराखालून जावं लागत होतं. माझा धाकटा मेहुणा गेला, नात गेली (तेव्हा मात्र बायकोने हार उचलून धरला), कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट गेला, आणि त्याला हार शोभूनही दिसला. 'शुभ सकाळ' आलं की आत्या नमस्कार करायची, कारण त्यात कोपऱ्यात गणपती होता. शेवटी आतोबा आले.

"ह्यांची टोपी?"

"टोपी आहे गं. फोटो उभा, फ्रेम आडवी. वरचं कापलं जातं."

"ह्यांनी घराबाहेर कधी बोडकं डोकं दाखवलं नाही," ती म्हणाली, आणि आतोबा गेले. "अरे, बोलूसुद्धा देत नाही!"

पूर्वी रोलमध्ये ३६ फोटो यायचे. जपून भरला तर सदतिसावाही निघायचा, आणि त्या सदतिसाव्यासाठी आम्ही रोल दोन-दोन महिने कॅमेऱ्यात ठेवायचो. धुऊन आल्यावर एकाच पाकिटात गणपती आणि दिवाळी. पण ते फोटो काळ्या पानांच्या अल्बममध्ये चिकटवले की जागेवरच राहायचे, त्यांना पासवर्ड लागत नसे. ते सगळे मी काढलेले. मुलीची पहिली पावलं, मुंजी, लग्नं, महाबळेश्वरचं धुकं, सगळं मी काढलं. तीस वर्षं "जरा डावीकडे सरका" म्हणत मी कॅमेऱ्यामागे उभा राहिलो आणि एकालाही वाटलं नाही की ह्याचाही एखादा काढावा. २१४ फोटोंत माझा फोटो एक. मागच्या खेपेला मुलीने काढलेला, मी सोफ्यावर दुपारी झोपलो असतानाचा. डोळे मिटलेले, तोंड उघडं. वर हार. सेक्रेटरींना तरी काय बोलणार?

तो काढून टाक म्हणून मुलीला सांगितलं. "बाबा, किती गोड दिसताय त्यात!" आणि खाली तीन बदाम.

हार काढायला आत्या तयार नाही. ह्यांचा नंबर आला आणि हार नसला तर? शेवटी तोड तिनेच काढली. तिला आता क्रम पाठ झालाय. गळक्या भिंतीनंतर हे, कोलेस्टेरॉलनंतर तू. "रिपोर्ट दिसला की मी उठते आणि तुझ्यापुरता हार काढून धरते. तू काळजी करू नकोस."

परवा दिवसभर तिने हे इमानाने केलं. कालही केलं. फक्त सेक्रेटरी आले तेव्हा तिचा जरा डोळा लागला होता.