सही नको, कोरीच द्या

माझ्या पुस्तकावर पहिला अभिप्राय दिला तो हमालाने. दोनशे प्रतींचे पाच गठ्ठे टेम्पोतून उतरवून त्याने ते तिसऱ्या मजल्यावर आणले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि सदाशिव पेठेतल्या इमारतीने लिफ्टचा हट्ट धरू नये असं आमच्या सोसायटीचं मत आहे. शेवटचा गठ्ठा दिवाणाशेजारी टेकवून त्याने टॉवेलने मान पुसली आणि म्हणाला, "साहेब, जड आहे हो." त्यानंतर दीड वर्ष झालं, पण सगळा साठा स्वतः उचलून पाहून मत देणारा समीक्षक मला पुन्हा भेटलेला नाही.

पुस्तक लेखनाविषयी आहे. म्हणजे कसं लिहावं, काय गाळावं, सुरुवात कुठून करावी, वगैरे. एकशे साठ पानं, डेमी आकार, किंमत २५० रुपये. किंमत मुद्दाम सांगितलेली नाही, ओघात आली.

दोनशे प्रती माझ्याच घरी कशा, हा प्रश्न हमालालाही पडला होता. त्याचं असं आहे की प्रकाशकांनी पाचशेची आवृत्ती काढली आणि त्यात 'लेखकाचा सहभाग' असावा असं सुचवलं. मला वाटलं, मुखपृष्ठाचा रंग वगैरे विचारतील. सहभाग म्हणजे दोनशे प्रती चाळीस टक्के सवलतीत लेखकाने उचलायच्या. दीडशे गुणिले दोनशे, तीस हजार. "एवढ्यात दोघांची काशी झाली असती," बायको म्हणाली. तिने पुस्तक वाचलेलं नाही. "लिहिताना तुम्ही मोठ्याने वाचत होतात. कुकरच्या शिट्ट्यांमधून जेवढं ऐकू आलं तेवढं पुरे," असं तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं.

प्रकाशन समारंभाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाहुणे उशिरा आले, नातेवाईक वेळेवर आले, पेढे संपले.

खरी कसोटी त्याआधीच, मलपृष्ठावरच्या मजकुरापासून सुरू झाली होती. तो मजकूर कोणी जाणकार माणूस लिहीत असेल अशी माझी आयुष्यभराची समजूत होती. तो लेखकालाच लिहावा लागतो, आणि तोही आपण कुणी त्रयस्थ आहोत असा आव आणून. मी लिहिलं, 'लिहू पाहणाऱ्यांसाठी उपयुक्त पुस्तक.' प्रकाशक म्हणाले, "हे औषधाच्या बाटलीवर शोभेल." मग दोघांनी मिळून त्यात 'अनोखं', 'अभिनव', 'खुमासदार', 'संग्राह्य' अशी भर घातली आणि शेवटी 'एकमेव' आलं. दोन वाक्यांत पाच विशेषणं. आत, पान ४१ वर, मीच लिहिलेलं आहे: 'विशेषण लिहिण्याआधी शंभरपर्यंत आकडे मोजा. तरीही लिहावंसं वाटलं तर पुन्हा एकपासून मोजा.'

लेखक परिचयात मात्र मी अक्षर खोटं लिहिलं नाही. 'त्यांचे पुस्तक कोलकाता, चेन्नई, मुंबई, दिल्ली येथील नामवंत ग्रंथालयांत समाविष्ट आहे.' १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि मुंबई-दिल्लीतलं एकेक ग्रंथालय अशा चार ठिकाणी पदरच्या खर्चाने पाठवावी लागते. आमच्या प्रकाशकांनी ती पाठवली. चेन्नईत माझ्या मराठी पुस्तकाचं त्यांनी काय केलं असेल, याचा विचार मी करत नाही.

आता पुस्तक खपवायचं म्हणजे चार लोकांना सांगायला हवं. हल्ली ही जबाबदारी व्हॉट्सॲपवर असते. 'गुरुवारी सायंकाळी ५ वाजता माझे व्याख्यान आहे, अवश्य यावे,' असं मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. मिनिटाभरात सेक्रेटरींनी त्याखाली टाकलं, 'गुरुवारी पाणी येणार नाही, सर्वांनी नोंद घ्यावी.' पुढचे सव्वीस निरोप पाण्याविषयी होते. टाकी किती वाजता भरणार, वरच्या मजल्यावर दाब का नसतो, मागच्या गुरुवारी कोणाचा नळ उघडा राहिला होता. सत्ताविसावा निरोप तळमजल्यावरच्या काकांचा: 'हार्दिक अभिनंदन.' ते माझं की पाण्याचं, हे मी विचारलं नाही. माझ्या मेहुणीने त्या दिवशी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. पोस्टरवर फोटो आणि फुलं पाहून तिचा तसा समज झाला.

व्याख्यानांचं मात्र तसं नाही. व्याख्यानं मिळतात. त्यांचा हंगाम असतो, एवढंच. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. शिवाय ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून माझाही ऑक्टोबर जरा बरा जातो. २७ फेब्रुवारीला माझी अवस्था गणेश चतुर्थीच्या गुरुजींसारखी होते. सकाळी एक शाळा, दुपारी एक बँक, संध्याकाळी महिला मंडळ. स्कूटरला किक मारताना मागच्या ठिकाणची फुलं खिशातच. २८ फेब्रुवारीला मला कुणी वेळसुद्धा विचारत नाही.

पण पुण्यात बोलायला उभं राहणं म्हणजे गवयाने गवयांच्या घरी जाऊन गाण्यासारखं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. म्हणजे दीडशे वर्षं हे शहर खुर्चीत बसून भाषणं ऐकतं आहे. ऐकण्याची तयारी पिढ्यांमागून पिढ्या उतरत आलेली; वक्ता काय, आज आहे उद्या नाही.

त्या गुरुवारचं व्याख्यान कर्वेनगरच्या बाजूच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात होतं. विषय, 'थोडक्यात कसं लिहावं'. पाचला पाच कमी असताना मी पोहोचलो तर सगळे स्थानापन्न झालेले, आणि अध्यक्ष भिंतीवरचं घड्याळ आणि स्वतःचं घड्याळ ताडून पाहत होते. मी दोन्हींच्या हिशेबात वेळेवर होतो, त्यामुळे त्यांची थोडी निराशा झाली असावी.

"आजच्या वक्त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही," असं म्हणून सूत्रसंचालकांनी खिशातून कागद काढला. चौदा मिनिटं. 'कोलकाता, चेन्नई' आल्यावर पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्यांना बऱ्यापैकी मोठ्याने विचारलं, "तिकडे काय नोकरीला होते?" मग स्वागतगीत. मग त्या महिन्यातले वाढदिवस, नऊ. प्रत्येकाला एक गुलाब आणि एक चारोळी. तासाभराच्या कार्यक्रमात मला बावीस मिनिटं उरली. थोडक्यात कसं लिहावं हे मी थोडक्यात सांगायला घेतलं. रंगात आलो होतो, अनावश्यक वाक्य कसं ओळखायचं (प्रकरण सहा) हे सांगत होतो, एवढ्यात चिठ्ठी आली. चौघडी घातलेली, निळ्या शाईत.

'आवरतं घ्या. चहा निवतोय.'

मी ती वाचली आणि क्षणभर बोलायचा थांबलो. चार शब्द. विशेषण नाही. पहिल्या वाक्यात सूचना, दुसऱ्यात कारण, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साय धरलेले चाळीस कप. एकशे साठ पानांत मला जे जमलं नव्हतं ते या माणसाने गुडघ्यावर कागद ठेवून साधलं होतं. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. दुसऱ्या आवृत्तीत उदाहरण म्हणून घेणार आहे, दुसरी आवृत्ती निघाली तर.

प्रश्नोत्तरांत मघाचेच आजोबा उभे राहिले. "प्रश्न नाही, दुरुस्ती आहे. पान ८८. 'शुद्धीपत्र' छापलंय. सामासिक शब्द आहे, 'शुद्धि' ऱ्हस्व हवा." सभागृहात सुस्कारे. मी भाषण करत असताना त्यांनी विक्रीच्या टेबलावरची प्रत घेऊन शांतपणे अठ्ठ्याऐंशीव्या पानापर्यंत मजल मारली होती. आणि एवढ्या पुस्तकात नेमका तोच शब्द चुकावा! दुरुस्ती सांगून त्यांनी पुस्तक, कोपरा न दुमडता, टेबलावर जागच्या जागी ठेवलं. विकत घेण्यासारखं त्यात आता काही उरलं नव्हतं.

विक्रीला मी वीस प्रती नेल्या होत्या. खांद्याच्या पिशवीत वीस प्रती म्हणजे चार किलोच्या वर जातं, आणि ते चार किलो घेऊन चेहरा साहित्यिक ठेवावा लागतो. एक काका आले, पुस्तक उलटसुलट केलं, किंमत पाहिली. "लेखकाकडून थेट घेतल्यास काय टक्के?" मी वीस म्हणालो. "दुकानात पंधरा देतात, आणि वर पिशवी." दुसरे म्हणाले, "मी वाचून परत आणून देतो. कव्हर घालून वाचतो मी, काळजी नको." मग एक काकू आल्या, पर्स उघडली, चक्क पूर्ण पैसे मोजून दिले. मी भारावून पेनाचं टोपण काढलं, नाव विचारलं, तर त्या घाईघाईने म्हणाल्या, "नाही नाही, सही नको, कोरीच द्या. सही केली की पुढे कुणाला देता येत नाही हो."

तीन प्रती खपल्या. आणि आता खरी गोष्ट. टेबल आवरू लागलो तसे लोक एकेक करून जवळ येऊ लागले. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या हातात फाइल. एका काकांनी दोन कवितासंग्रह दिले, "सवडीने वाचा आणि मोकळेपणाने कळवा, परवा फोन करतो." एका निवृत्त इंजिनियरांनी टंकलिखित आत्मचरित्र दिलं, पहिला भाग, नोकरी लागेपर्यंतचा. एका आजींनी पाककृती आणि आठवणी यांची सरमिसळ असलेली वही दिली. चिठ्ठीवाल्या अध्यक्षांनी वर्तमानपत्रांत छापून आलेल्या स्वतःच्या पत्रांची फाइल काढली, एकेक पत्र प्लास्टिकच्या खिशात. तेव्हा मला माझ्या धंद्याचं मर्म कळलं. लेखन कसं करावं या विषयावरच्या व्याख्यानाला वाचायची हौस असणारे कशाला येतील? येतात ते लिहिणारे. त्या हॉलमध्ये चाळीस लेखक होते आणि सबंध संध्याकाळभर दारं लावून अडकवून ठेवलेला वाचक मी एकटा.

मानधनाचं पाकीट मिळालं. पण ते हातात पडतंय तोवर सूत्रसंचालकांनी माइकवर जाहीर केलं, की वक्त्यांनी मोठ्या मनाने ही रक्कम संघाच्या सहल निधीला दिली आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शाल आणि नारळ मात्र राहू दिले.

घरी येऊन पिशवी वजनकाट्यावर ठेवली. जाताना चार किलो चारशे ग्रॅम होती, येताना सहा किलो नऊशे. नारळ वेगळा.

"विकायला जाता की विकत आणायला?" बायको म्हणाली आणि नारळ फोडायला घेऊन गेली. सध्या नारळाचे भाव पाहता मराठी भाषेने आम्हाला पैशात नाही तरी वड्यांमध्ये बरं धरलेलं आहे.

दुकानांतही ठेवून पाहिलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दहा प्रती घेऊन मी अप्पा बळवंत चौकात गेलो. त्या दिवसांत तिथे जाणं ही माझी पहिली चूक. काउंटरपुढे पालकांची चार-चार पदरी गर्दी, हातात शाळेच्या याद्या, वरून पावसाची बुरबुर. माझी पाळी आल्यावर मालकांनी मान वर न करता विचारलं, "कुठल्या इयत्तेचं?"

"तसं सगळ्यांसाठीच आहे."

"म्हणजे कुणासाठीच नाही." त्यांनी पुस्तक चाळलं. "लेखन... ठीक. दहावीत ठेवतो. खपलं तर पैसे, नाहीतर दिवाळीनंतर घेऊन जा." आणि निबंध, पत्रलेखन, सारांशलेखन यांच्या चळतीवर माझं अनोखं, अभिनव, संग्राह्य पुस्तक ठेवून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आठ दिवसांत दहाही प्रती खपल्या. नवव्या दिवशी एका आईंचा फोन आला. मागच्या पानावर माझा नंबर आहे.

"सर, 'पावसाळ्यातील एक दिवस' कुठल्या पानावर आहे? अनुक्रमणिकेत दिसत नाही."

मी समजावून सांगितलं, की या पुस्तकात निबंध नाहीत, निबंध कसा सुचतो ते आहे. म्हणजे आपल्या मुलाला पावसाळ्यातलाच काय, कुठलाही दिवस लिहिता येईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते बरोबर आहे सर. पण लिहिलेला कुठे आहे?"

संध्याकाळी दुकानातून फोन. "पंचवीस आणा. आणि शेवटी पुरवणी जोडा हो, चार-पाच निबंधांची. पाऊस, माझी शाळा, मोबाइल शाप की वरदान. शंभर सहज जातील."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलाशी बसलो. शंभर प्रती गेल्या तर दिवाणाशेजारचे अडीच गठ्ठे हलणार होते. पान समोर ओढलं आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी लिहिलं, 'आकाशात काळेकुट्ट ढग जमले होते. सोसाट्याचा वारा सुटला होता. धो धो पाऊस कोसळू लागला.'

बायको वड्यांची बशी ठेवायला आली होती. खांद्यावरून वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'काळेकुट्ट' खोडलं. मग 'सोसाट्याचा'. मग 'धो धो'.

"पान एक्केचाळीस," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. मग भानावर येऊन म्हणालो, "अगं, पण मग मोठा पाऊस आहे हे मुलांना कळणार कसं?"

"छत्री उलटी होऊ दे की कुणाची तरी," ती म्हणाली आणि बशी सरकवली.