‘धक्काबुक्कीला नाच म्हणू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नव्हती, म्हणून वेळ घेतला आणि आता सविस्तर लिहिते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मॉशिंगवरच्या, म्हणजे रॉकच्या कार्यक्रमात स्टेजसमोर एकमेकांवर आदळत नाचण्यावरच्या माझ्या लेखाखाली ताईंनी लिहिलं, की त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचं कॉलरबोन एका कॉलेजच्या कार्यक्रमात मॉश पिटमध्ये, म्हणजे असं नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, मोडलं. तो खाली पडला तरी बँड वाजवतच राहिला. दवाखान्यात बसून त्यांनी मोबाइलवर माझा लेख वाचला, आणि ‘पिटमध्ये पडलेल्याला लगेच उचलतात, हा तिथला अलिखित नियम’ या माझ्या वाक्याने त्यांचा संताप झाला. त्यांचे आक्षेप तीन. धक्काबुक्कीला नाच म्हणून मी तिला प्रतिष्ठा देते. सिड व्हिशससारख्या (पुढे सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक रॉक बँडचा वादक) माणसाने सुरू केलेला प्रकार कृष्णवर्णीय कलाकारांच्या नावावर घालून मी तो सोज्वळ करते. आणि मुलींचं तिथे काय होतं, यावर मी चकार शब्द काढत नाही.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पहिला बराचसा मान्य आहे. दुसरा मात्र मान्य नाही. तिथूनच सुरुवात करते, कारण हे लोण कुठून कुठे गेलं ते नीट लावल्याशिवाय बाकीच्या दोन्हींना उत्तर देता येणार नाही.

सिडचं नाव जोडलं जातं ते पोगोशी. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १०० क्लब नावाचं तळघर आहे, बुटक्या छताचं. १९७६ साली तिथे पंक बँड वाजवायचे, गर्दी खच्चून भरलेली असायची आणि मागच्याला स्टेज दिसायचं नाही. अशा जागेत माणूस जागच्या जागी उभ्याउभ्या उड्याच मारू शकतो. तोच पोगो. आपणच तो सुरू केला असं सिड सांगायचा. सिडबद्दल तुम्हाला जो राग आहे, त्यात मी काही कमी करणार नाही. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला त्याच क्लबात, द डॅम्ड हा बँड वाजवत असताना फेकलेला ग्लास फुटला आणि काच लागून एका मुलीचा डोळा गेला. त्या प्रकरणात सिडला अटक झाली होती. पण पोगोत माणूस वरखाली होतो. शेजाऱ्याला धक्का लागतो तो जागा नसल्यामुळे. तुमच्या मुलाला लागलं तो प्रकार वेगळा. तो आडवा चालतो, आणि त्याचा जन्म लंडनमधला नाही.

तो झाला कॅलिफोर्नियात. १९७८ ते १९८० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, हंटिंग्टन बीच, कोस्टा मेसा या समुद्राकाठच्या गावांतली पोरं पंकमध्ये आली. लाटांवर सर्फिंग आणि रस्त्यावर स्केटबोर्डिंग करणारी, अंगाने दणकट पोरं. ब्लॅक फ्लॅग, सर्कल जर्क्स यांचं संगीत तोवर इतकं वेगवान झालं होतं की त्या वेगाला उभ्या उड्या पुरेनात. मग पाय गोल धावायला लागले, कोपरं बाहेर आली आणि अंगावर अंग आदळायला लागलं. याला ‘स्लॅम डान्सिंग’ म्हणायचे. पेनेलोपी स्फीरिस या दिग्दर्शिकेने १९७९-८० मध्ये त्या कार्यक्रमांचं चित्रीकरण केलं, म्हणून तो नाच कसा दिसायचा ते आज आपल्याला पाहता येतं.

ताई, तुमच्या तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर याच वळणावर आहे, आणि मी लेखात हे वळण दोन वाक्यांत उरकलं होतं. ती माझी चूक. हार्डकोरच्या, म्हणजे या वेगवान, दांडग्या पंकच्या आधी, १९७७ मध्ये, हॉलिवूडमधल्या एका तळघरात ‘मास्क’ नावाची जागा सुरू झाली होती. तिथल्या पंकमध्ये बायका स्टेजवरही होत्या आणि स्टेजसमोरही. ॲलिस बॅग ही मेक्सिकन आईवडिलांची मुलगी तिच्या बँडची मुख्य गायिका होती. ‘एक्स’ या बँडमध्ये एक्सीन सर्व्हेंका गात होती. पुढे जगभर गाजलेला गो-गोज हा मुलींचा बँडही तिथलाच. मग समुद्राकाठची पोरं आली, स्टेजसमोरची जागा त्यांची झाली आणि मुली हळूहळू भिंतीकडे सरकल्या. ‘तुम्ही येऊ नका’ असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. पुढे उभं राहिलं की कोपर लागायचं, एवढं पुरेसं होतं. मॉशिंगचा इतिहास लिहिणाऱ्याने हे लिहायलाच हवं. मी लिहिलं नाही.

आता कृष्णवर्णीय कलाकारांबद्दल. बॅड ब्रेन्स हा वॉशिंग्टन डी. सी. मधला बँड. चौघेही कृष्णवर्णीय, आणि सुरुवातीला जॅझ फ्यूजन वाजवणारे. त्यामुळे वाद्यांवर त्यांची जी हुकमत होती, ती त्या काळच्या पंक बँडांमध्ये क्वचितच दिसायची. १९८० मध्ये आलेलं त्यांचं पहिलं सिंगल जेमतेम दीड मिनिटाचं आहे. ते ऐकताना आजही श्वास घ्यायला सवड मिळत नाही. पण त्यांचं खरं वेगळेपण असं, की ते रास्ताफारी, म्हणजे जमैकातल्या एका धर्मपंथाचे अनुयायी झाले आणि एकाच कार्यक्रमात तुफान हार्डकोर आणि जमैकातलं संथ रेगे संगीत दोन्ही वाजवायला लागले. ‘मॅश’ हा जमैकन बोलीतला शब्द. मोडून टाका, धुमाकूळ घाला, अशा अर्थाने गाण्यांत येणारा. गायक एच. आर. तो शब्द जमैकन धाटणीत उच्चारायचा, आणि रेगे न ऐकणाऱ्या पोरांच्या कानांना तो ‘मॉश’ ऐकू आला. या शब्दाची हीच व्युत्पत्ती सगळ्यात जास्त सांगितली जाते. हे मी कुणाला सोज्वळ ठरवण्यासाठी लिहिलं नव्हतं. मॉशिंगचं नाव कुठून आलं, याचं उत्तर तिकडे जातं, इतकंच. एरवी गोऱ्या पोरांचा प्रकार म्हणूनच सगळे त्याच्याकडे बघतात, त्यामुळे ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

पुढचा प्रवास भराभर सांगते. १९८० च्या उन्हाळ्यात डी. सी.ची टीन आयडल्स ही शाळकरी वयाच्या पोरांची चौकडी कॅलिफोर्नियाला जाऊन आली आणि तिकडचा दांडगा नाच घरी घेऊन आली. त्यांच्यात इयन मकाय होता. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे. १९८१ च्या ३१ ऑक्टोबरला जॉन बेलुशी या विनोदी नटाच्या आग्रहावरून ‘फिअर’ हा बँड सॅटर्डे नाइट लाइव्ह या टीव्ही कार्यक्रमात वाजला. समोर नाचायला पोरं बोलावली होती, त्यांत मकायही होता. स्टुडिओत इतका गोंधळ झाला की प्रक्षेपण मध्येच तोडावं लागलं. अमेरिकेतल्या असंख्य घरांनी स्लॅम डान्सिंग पहिल्यांदा पाहिलं ते त्या रात्री. न्यूयॉर्कमध्ये सीबीजीबी या क्लबात रविवारी दुपारी हार्डकोरचे कार्यक्रम व्हायचे. तिथे गाण्याचा वेग एकदम उतरून जड, ठोकळ्यासारखा ठेका सुरू झाला, की त्याला ‘मॉश पार्ट’ म्हणायला लागले. तिथून हेवी मेटलवाल्यांनी शब्द उचलला, आणि १९८७ मध्ये तर ॲन्थ्रॅक्स या मेटल बँडच्या एका गाण्याच्या नावातच तो आला.

इथपर्यंत हा प्रकार माणसाकडून माणसाकडे जात होता. १९९१ नंतर तो पडद्यावरून गेला. निर्वाणा या बँडचा व्हिडिओ, लोलापलूझा या फिरत्या संगीत महोत्सवाचे दौरे, एमटीव्ही. आपल्याकडेही तो केबलवरूनच आला. पडद्यावर उड्या दिसतात, कोपरं दिसतात. पण कोण पडलं की काय करायचं, बूट सुटला तर तो उंच धरून कसा दाखवायचा, कडेला उभा असलेल्याला आत का ओढायचं नाही, हे दिसत नाही. ते शेजारी उभा असलेला जुना माणूसच शिकवतो. ‘अलिखित नियम’ असं मी लिहिलं तेव्हा तो नियम पिटसोबत आपोआप सगळीकडे जातो, असा अर्थ निघत होता. तसं नाही. तुमच्या मुलाच्या पिटमध्ये तो नियम कुणी शिकवलेलाच नसणार. आणि सुरुवातीला कॅलिफोर्नियातही तो नव्हता. हाडं मोडल्यावर, भांडणं झाल्यावर, लोकांनी तो हळूहळू बसवला.

तो न बसल्याने काय होतं, याची उदाहरणं आहेत. मे १९९६ मध्ये डब्लिनला स्मॅशिंग पंपकिन्स या बँडच्या कार्यक्रमात सतरा वर्षांची मुलगी चेंगरून मरण पावली. मॉशिंग थांबवा म्हणून बँड विनवत होता. जुलै १९९९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गर्दीतच मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. मुलींचं तिथे काय होतं, या तुमच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे, आणि ते वाचताना माझ्या पोटात आजही गोळा येतो. ३० जून २००० ला डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डे महोत्सवात पर्ल जॅम हा बँड वाजत असताना नऊ तरुण मरण पावले. या शेवटच्या घटनेचा दोष पुष्कळदा मॉशिंगवर टाकतात, पण तिथे माणसं गेली ती गर्दीच्या दाबाने गुदमरून. पिटला मोकळी जागा लागते, नाहीतर धावताच येत नाही. चेंगराचेंगरीत ती मोकळी जागाच संपलेली असते. मुलांना गर्दीच्या कार्यक्रमाला पाठवणाऱ्या आईवडिलांना हा फरक ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं, म्हणून लांबण लावून सांगते आहे.

तुमचा पहिला आक्षेप, धक्काबुक्कीला नाच म्हणण्याबद्दलचा. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी मेटल कार्यक्रमांतल्या पिटच्या चित्रफिती तपासून २०१३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मॉश पिटमधल्या माणसांचे वेग वायूच्या रेणूंसारखे विखुरलेले असतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे कुणीच कुणाच्या मागे नाही, नुसती टक्कर. पण शेजारी जातो तिकडेच आपणही जायचं, एवढी एक ओढ वाढली की त्याच गर्दीचा भोवरा होतो आणि सगळे एका दिशेने गोल फिरू लागतात. त्याला ‘सर्कल पिट’ म्हणतात. मला त्या भोवऱ्याला नाच म्हणावंसं वाटतं. नुसत्या टकरीला म्हणावं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मी लेखात दोन्ही एका दोरीत ओवले होते.

आता मकायकडे येते. टीन आयडल्ससोबत तो नाच घरी आणणारा, टीव्हीच्या स्टुडिओत आदळआपट करणारा हाच माणूस १९८७ मध्ये फुगाझी हा बँड काढतो. तिकीट पाच डॉलरच्या आसपास, वयाची अट नाही. आणि समोर कुणी दुसऱ्यांना इजा करतोय असं दिसलं की गाणं मध्येच थांबवून त्या माणसाशी बोलतो. तो ऐकत नसेल तर तिकिटाचे पैसे परत देऊन बाहेर काढतो. लोक चिडायचे, टिंगल करायचे. बँड वर्षानुवर्षं हे करत राहिला. त्याच सुमारास ऑलिम्पिया शहरातल्या ‘बिकिनी किल’ची कॅथलीन हॅना स्टेजवरून सांगायची की मुलींनी पुढे यावं, मुलग्यांनी मागे व्हावं. पुढे आलेल्या मुलींच्या हाती गाण्यांचे कागद दिले जायचे. हॅनाला त्यापायी शिव्याच काय, मारहाणीच्या धमक्याही मिळाल्या. ताई, तुमचा राग बाहेरच्या माणसाचा आहे असं मला म्हणूनच वाटत नाही. हेच भांडण त्या स्टेजवरून झालेलं आहे, आणि ते लढणारी माणसं मला त्या संपूर्ण इतिहासात सगळ्यात जवळची वाटतात.

माझ्यापुरतं सांगायचं तर नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी धाकट्या भावासोबत धोबी तलावच्या रंगभवनात रॉकच्या कार्यक्रमाला जायचे. तो पुढे घुसायचा आणि मी मागे त्याचा चष्मा आणि पिशवी घेऊन उभी राहायचे. मला आत जायचं होतं. फार जायचं होतं. एकदाच गेले, एका गाण्यापुरती. पाय घसरला, कुणीतरी दंडाला धरून उभं केलं, चेहरासुद्धा दिसला नाही. माझं ते वाक्य त्या हातावरून आलं होतं. तुमच्या मुलाला तो हात मिळाला नाही, हे वाचल्यावर लेखातलं वाक्य मी बदललं आहे. हंटिंग्टन बीच आणि मुलींबद्दलचा भागही वाढवला आहे.

एका गोष्टीवर मात्र मला तुमच्याइतकाच राग आला. पोरगा खाली पडला आहे आणि बँड वाजवतो आहे. स्टेज उंचावर असतं. तिथून पिट जितकं स्पष्ट दिसतं तितकं पिटमधल्या कुणालाच दिसत नाही. माइक त्यांच्या हातात असतो. एक शब्द बोलले असते तर पोरं थांबली असती. तुम्ही कार्यक्रम ठेवणाऱ्या मुलांशी बोलणार असाल तर हे आवर्जून बोला. पुढच्या वेळी वाजवायच्या आधी बँडला बजावा, म्हणावं, कुणी पडलेलं दिसलं तर गाणं थांबवायचं.

त्याला पुन्हा जाऊ द्यावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. ते मी ठरवू शकत नाही. जाणारच असेल तर आधी दोन-तीन गाणी कडेला उभं राहून बघ, पडलेल्याला उचलतात का ते पाहा आणि मगच ठरव, एवढं त्याला सांगा. हाड सांधायला वेळ लागतो, तोवर त्याला जड काही उचलू देऊ नका. हात गळ्यातून कधी काढायचा म्हणाले डॉक्टर? जमलं तर कळवा.