स्ट्रेंथ कोच व्हायचंय? मग सेफ्टीबिफ्टी विसरा

तर अमेरिकेत कॉलेज फुटबॉल टीमचा स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच, म्हणजे पोरांची ताकद आणि दम वाढवणारा कोच, व्हायचं ठरवलंय म्हणता, अभिनंदन. सगळ्यात आधी घसा कमवा. शिट्टी नसली तरी चालेल, घसा पाहिजेच. टीशर्ट एक साइज लहान घ्या. कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएएने डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाला, सर्टिफिकेट कंपल्सरी केलंय ते काढा, फ्रेम करून भिंतीवर ठोका आणि विषय संपवा.

आता ते गाइडलाइन्सचं बाड. 2019 मध्ये कोच लोकांच्याच दोन संघटनांनी मिळून 50-30-20-10 चा नियम पुढे केला, म्हणजे पोरं सुट्टीवरून आली की पहिल्या आठवड्यात कंडिशनिंग नेहमीपेक्षा 50 टक्के कमी, मग 30, मग 20, मग 10. चौथीतल्या पोराला जमेल असलं गणित, त्यात कसली मर्दानगी. ख्रिसमसला घरी जाऊन आईच्या हातचं खाऊन लोळलेली पोरं असतात ना, ती पहिल्याच दिवशी धरायची. आपल्याकडचा साधा वस्तादसुद्धा जत्रा करून आलेल्या पोराला चार दिवस हलक्या जोर-बैठकांवर ठेवील, पण वस्तादाकडे कुठे सर्टिफिकेट असतं.

आदर्श हवाच असेल तर आयोवा युनिव्हर्सिटीचा घ्या. 2011 चा जानेवारी, सुट्टी नुकतीच संपलेली, खांद्यावर बार घेऊन 100 बैठका, वजन ज्याच्या त्याच्या मॅक्सच्या (एका वेळी जास्तीत जास्त पेलता येतं त्याच्या) निम्मं आणि वर घड्याळ लावलेलं. दोन-चार दिवसांत 13 पोरं हॉस्पिटलात. लघवी काळ्या चहासारखी, कारण स्नायू फुटून आतला माल रक्तात उतरतो आणि किडनीत जाऊन बसतो, त्याला रॅब्डो म्हणतात. घाबरलात? अहो नका घाबरू. चौकशी झाली, वर्कआउटमुळेच झालं असं निघालं, पण चूक म्हणाल तर कोणाचीच नाही, आणि त्याच एप्रिलमध्ये हेड कोचनं त्या स्ट्रेंथ कोचला बेस्ट असिस्टंटचं अवॉर्ड दिलं. बोला आता.

सगळ्यांचं नशीब असं नसतं म्हणा. 2017 मध्ये ओरेगन युनिव्हर्सिटीत तीन पोरं रॅब्डोनं अ‍ॅडमिट झाली तर कोचला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं. एका पोरामागे दहा दिवस पडले, हा रेट लक्षात ठेवा.

शिक्षा म्हणून व्यायाम द्यायचा नाही असंही कागदावर आहे. मग द्यायचा कशासाठी? एक जण दोन मिनिटं उशिरा आला की सगळ्या टीमनं पळायचं, याला कल्चर म्हणतात. (आमचे पीटीचे सर मोजे काळे नाहीत म्हणून ग्राउंडला पाच फेऱ्या मारायला लावायचे, त्यांना कोणी अमेरिकेत नेलं नाही एवढंच.)

सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार गडचिरोली-नंदुरबारकडच्या लोकांना समजवावा लागत नाही. अमेरिकेत फुटबॉलमधली कितीतरी काळी पोरं त्याची वाहक असतात, एरवी ठणठणीत, पण न थांबवता पळवत नेलं की रक्तपेशी वाकड्या होतात आणि पोरगं कोसळतं. याच्यावर पोरं मेली तेव्हा कुठे 2010 पासून डिव्हिजन वनमध्ये टेस्ट आली, तीही नको असेल तर सही करून टाळायची सोय ठेवून. तुमच्या यादीत असं नाव दिसलं तर पान उलटा. पाय भरून आले म्हणाला तर नाटकं करतोय समजा. आणि मेडिकलवाला अ‍ॅथलेटिक ट्रेनर मधे हात वर करायला लागला तर त्याला पाण्याच्या बाटल्या भरायला पाठवा.

राहिलं ऊन. उष्माघाताचं पोरगं आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करायचं, मग अँब्युलन्समध्ये घालायचं, एवढा सोपा नियम आहे. त्याला मशीन लागत नाही, शेतीच्या दुकानात गुरांना पाणी पाजायची प्लास्टिकची हाळ मिळते ना, तिच्यात पाणी आणि बर्फ. मेरीलँड युनिव्हर्सिटीत 29 मे 2018 ला 110 यार्डांच्या (साधारण शंभर मीटरच्या) दहा धावा लावल्या होत्या. जॉर्डन मॅकनेअर, 19 वर्षांचा, त्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येईना. 911 ला, म्हणजे तिकडच्या इमर्जन्सी नंबरला, फोन गेला तो तासाभरापेक्षा जास्त वेळानं. बर्फाच्या पाण्यात त्याला घातलंच नाही. हॉस्पिटलात ताप 106 फॅरनहाइट. 13 जूनला गेला.

ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी घेतो म्हणून सांगितलं. स्ट्रेंथ कोचनं राजीनामा दिला आणि जाताना तीन लाख पंधरा हजार डॉलरची सेटलमेंट घेऊन गेला. तर राजीनाम्याचा मजकूर वकिलाकडून आधीच तपासून ठेवा, ऐन वेळी धावपळ नको.

हां, आणि ती हाळ कोणी विकत आणलीच असेल तर गोडाऊनमध्ये उपडी घाला, वर टॉवेलांचे गठ्ठे रचा. तपासणीला कोणी आलं की टॉवेल बाजूला करून दाखवायला बरी पडते.