'पांढरपेशा' हा 'व्हाइट कॉलर'चा अनुवाद नव्हे

'पांढरपेशा हा शब्द इंग्रजीतल्या व्हाइट कॉलरवरून केला. इंग्रजांनी कारकून घडवले, त्यांच्या शर्टाची कॉलर पांढरी, म्हणून ते पांढरपेशे, अर्थ मध्यमवर्ग.' हा मजकूर सध्या खूप फिरतो आहे, आणि तो चूक आहे.

आधी काळ पाहू. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. तीत 'पांढरपेशा' आहे. 'व्हाइट कॉलर' हा शब्द या अर्थाने रुळला तो विसाव्या शतकात, अमेरिकेत. मग अनुवाद कुणी कशाचा केला?

कॉलरचा तर संबंधच नाही. पेशा म्हणजे व्यवसाय, शब्द फारसी. पांढरेपण धोतर-उपरण्याचं, म्हणजे चिखलात न उतरणाऱ्या माणसाच्या कपड्यांचं. पंजाबातला 'सफेदपोश', म्हणजे पांढरे कपडे घालणारा, याच जातकुळीतला.

खरी गफलत 'मध्यमवर्ग' या अर्थात आहे. पांढरपेशेपण मिळकतीवर ठरत नसे. कर्ज काढून दिवस ढकलणारा कारकून पांढरपेशा, आणि दोन बैलजोड्या नि भरलेली कणगी असलेला कुणबी मात्र नाही. कोकणात तर हा शब्द थेट महसुली दप्तरात होता. ब्राह्मण, प्रभू अशा जातींच्या खातेदारांना पांढरपेशे म्हणून काही भागांत सवलतीचा दर लागे. कारण असं दिलं जाई, की ते स्वतः नांगर धरत नाहीत, गडी लावून शेती करतात, त्यांना खर्च जास्त पडतो. म्हणजे एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे सारखंच भात पिकायचं, आणि गुडघाभर चिखलात स्वतः लावणी करणाऱ्या कुणब्याला जास्त भरावं लागायचं. जातीच्या या सवलतीचा इतिहास 'कॉलर' म्हटलं की पुसला जातो. मला या मजकुराचा राग येतो तो एवढ्यासाठीच.

'म्हणजे पांढरपेशा म्हणजे फक्त ब्राह्मण', हा त्यावरचा उलट दावाही टिकत नाही. वर प्रभू आलेच आहेत.

इंग्रजीचा हात लागला, पण नंतर. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये 'व्हाइट कॉलर क्राइम' ही संज्ञा मांडली. तिच्यासाठी मराठीत 'पांढरपेशी गुन्हेगारी' रुळली, कारण 'पांढरपेशा' हा शब्द आपल्याकडे आधीच तयार होता.