भिंतीची सद्यःस्थिती

परवा सायंकाळी आमच्या तालुक्यातील मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘माहिती अप्राप्त शाळांची यादी’ प्रसिद्ध झाली. तीत माझ्या शाळेचे नाव लाल रंगात होते, त्याखाली ‘सदर बाब अत्यंत खेदजनक असून संबंधितांनी लेखी खुलाशासह समक्ष उपस्थित राहावे’ असे वाक्य होते आणि त्या वाक्याखाली माझ्या तालुकाभरच्या सहकाऱ्यांनी जोडलेल्या हातांची व उंचावलेल्या अंगठ्यांची रांग लावलेली होती. माहिती शाळेच्या संरक्षक भिंतीविषयी होती. ती मी लिंक आली त्याच दिवशी भरली होती, भरल्याची हिरवी खूण पडद्यावर उमटली होती आणि त्या खुणेचा स्क्रीनशॉट मी गटावर टाकलाही होता. अप्राप्त होती ती हार्ड कॉपी, म्हणजे ऑनलाइन भरलेल्या माहितीची छापील, सहीशिक्क्याची प्रत, जी कार्यालयात पोचल्यावर तेथील माणूस समोर ठेवून पुन्हा संगणकात भरतो.

मी मुख्याध्यापिका आहे असे म्हणणेही तसे धाडसाचे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० पर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात आणि वेगळ्या मुख्याध्यापकासाठी पट १५० च्या वर जावा लागतो. त्यामुळे आमच्यासारख्या द्विशिक्षकी शाळेत दोघांपैकी जो सेवाज्येष्ठ असेल त्याच्याकडे शिक्का, तांदळाच्या खोलीची किल्ली आणि खुलासे देण्याचा मान आपोआप येतो. वर्ग मात्र कोणी कमी करत नाही. मी तालुक्याच्या गावी जाते त्या दिवशी चारही वर्ग माझ्या सहकारी गुरुजींसमोर एकत्र बसतात आणि तिसरीची हातच्याची वजाबाकी पहिलीतील मुलेही तोंड उघडे ठेवून ऐकतात.

शासन आम्हाला वाऱ्यावर सोडते, असा आरोप मी करणार नाही; शासन आम्हाला क्षणभरही एकटे सोडत नाही. शासन निर्णय संकेतस्थळावर येतो तेव्हा त्याला अठरा अंकी संकेतांक असतो, त्यातील पहिले आठ अंक तारखेचे असतात आणि शेवटी २१ दिसले की तो शालेय शिक्षण विभागाचा, हे ज्ञान मला आता पाढ्यांइतके पाठ झाले आहे. तो निर्णय आयुक्त, संचालक, उपसंचालक, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख अशा पायऱ्यांनी खाली येतो. प्रत्येक पायरीवर त्याला ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’ असे सुरू होणारे एक पत्र नव्याने जोडले जाते आणि मुदतीतले काही दिवस कापले जातात. वर पंधरा दिवसांची असलेली मुदत आमच्यापर्यंत येते तेव्हा ‘आज दुपारी तीनपर्यंत, कोणत्याही परिस्थितीत’ अशी झालेली असते, आणि ती आलेली असते चार वाजता. आमचे केंद्रप्रमुख सज्जन गृहस्थ आहेत. ‘आपल्या केंद्रामुळे तालुका मागे पडत आहे, कृपया सहकार्य करावे’ असे ते लिहितात, तेव्हा त्यांनाही वरच्या कुठल्या तरी गटात कोणीतरी लाल केलेले असते.

भिंतीची माहिती शासनाकडे नाही असे नाही. यू-डायस प्लस या देशभरातील शाळांच्या माहितीच्या शासकीय ऑनलाइन नोंदणीत ती दरवर्षी भरावी लागते. शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो: पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. एवढा एक क्रमांक सांगितला की वास्तविक पुढे काही विचारण्यासारखे उरत नाही. तरीही कार्यालयाकडून येणाऱ्या प्रत्येक लिंकवर हा क्रमांक भरून घेतला की लगेच जिल्हा विचारला जातो, मग तालुका, मग केंद्र, मग गाव, मग शाळेचे संपूर्ण नाव कॅपिटल अक्षरांत, आणि शेवटी मुख्याध्यापकांचा मोबाइल क्रमांक, ज्यावर ती लिंक नुकतीच पाठवलेली असते.

आमच्या शाळेची पूर्वेकडची भिंत पक्की आहे. दक्षिणेकडचीही पक्की होती, परंतु ती एका पावसाळ्यात मधोमध आडवी झाली. पश्चिमेला मेंदीचे कुंपण आहे, ज्याची छाटणी गावातील शेळ्या विनामोबदला करतात, आणि उत्तरेला काहीच नाही. तेथे शाळा संपते आणि ज्वारी सुरू होते. हे सारे मी अर्जात सविस्तर लिहिले होते, आणि हार्ड कॉपी घेऊन गेल्यावर कळले की माझा खरा अपराध तोच होता.

कार्यालयात संगणकावर बसणारा मुलगा कंत्राटी आहे, नम्र आहे आणि त्याचे मानधन वेळेवर होत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येत नाही. माझ्यापुढे रांगेत एक निवृत्तीला टेकलेले मुख्याध्यापक होते, ज्यांना तालुका अण्णा म्हणतो. त्यांचे काम होऊन गेलेले होते, परंतु पंखा त्याच खोलीत असल्याने ते थांबले होते.

“मॅडम, तुम्ही चार भिंती लिहिल्या आहेत,” मुलगा म्हणाला. “रकाना एकच आहे.”

“चार बाजूंना चार प्रकार आहेत.”

“मग त्यातला सर्वांत जास्त कोणता?”

“लांबीने पाहिले तर ‘नाही’ हाच सर्वांत जास्त आहे.”

“‘नाही’ नका लिहू. मागच्या वर्षी तुमची ‘पक्की पण मोडकी’ होती. आता ‘नाही’ लिहिलं, तर वरून विचारतील, भिंत गेली कुठे?”

“पण ही बाजू मागच्या वर्षीही नव्हती.”

“मग मागच्या वर्षीची माहिती चुकीची भरली असं होईल. त्याचा वेगळा खुलासा लागतो.”

येथे अण्णांना राहवले नाही. त्यांनी माझ्या हातातील कागद घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “बाई, तुमचं अक्षर सुरेख आहे, पण तुम्हाला व्यवहार नाही. एक बाजू पक्की, एक बाजू गायब, दोन्हींची सरासरी काढली की दोन मोडक्या होतात. तिसरी मोडकी आहेच. मेंदी शेळ्या खातात, म्हणजे तीही मोडकी. चारही मोडक्या झाल्या. आता लिहा एकच.”

मुलाने कौतुकाने मान हलवली. हिशेबात मला चूक सापडेना आणि तेच मला अधिक झोंबले.

“आणि हे काय?” अण्णा पुढे वाचू लागले. “दुरुस्तीचा अपेक्षित खर्च. इथे तुम्ही आकडा लिहिलात?”

“विचारला आहे, म्हणून लिहिला.”

“अहो, विचारतातच. पैसे लिहिले की फाइल होते. फाइल झाली की त्रुटी निघते. त्रुटी निघाली की पूर्ततेला बोलावतात. निरंक लिहा आणि शाळेत बसा.”

“अण्णांचं सगळं निरंक असतं, मॅडम,” मुलगा आदराने म्हणाला. “त्यांची शाळा एकदाही लाल झाली नाही.”

हे खरे होते. अण्णांच्या पिशवीत ‘निरंक’ अहवालांचा सही केलेला, तारीख मोकळी ठेवलेला गठ्ठाच असतो. अडचणी निरंक, तक्रारी निरंक, आवश्यकता निरंक. अपवाद एकट्या वृक्षारोपणाचा. ते दर पावसाळ्यात ठरलेली झाडे लावल्याचे आणि सर्व जगल्याचे कळवतात. इतक्या वर्षांच्या बेरजेने कागदावर त्यांची शाळा आता घनदाट अरण्यात आहे. तेथे अद्याप वाघ कसा निघाला नाही, हे वनखात्याने त्यांना विचारायला हवे. प्रत्यक्षात त्यांच्या अंगणात एक कडुनिंब आहे आणि तोही शाळेच्या आधीचा आहे.

मग छायाचित्रे निघाली. प्रत्येक बाजूचा अक्षांश-रेखांशासह एक फोटो अशी सूचना होती, त्याप्रमाणे मी चार फोटो जोडले होते. मुलाने उत्तरेचा फोटो मोठा केला, लहान केला आणि पुन्हा मोठा केला.

“मॅडम, यात भिंत दिसत नाही.”

“तेथे भिंत नाही.”

“मग फोटो कशाचा आहे?”

“नसलेल्या भिंतीचा.”

तो थोडा वेळ गप्प बसला. “तेही चालेल,” तो अखेर म्हणाला, “पण यात शेळी आहे.”

“ती रोज असते.”

“वर कोणी उघडलं, तर शेळीबद्दल विचारतील. शाळेच्या आवारात जनावर म्हणजे वेगळा विषय होतो.”

“आवार कुठे संपतं हे दाखवणारी भिंतच नाही,” मी म्हणाले. “शेळी आवारात आहे हे ते सिद्ध कसं करणार?”

यावर अण्णांनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिले. परंतु मुलाने वाद घातला नाही. त्याने फोटोची कड ओढत आणली आणि शेळी कापून टाकली. शेळीबरोबर शाळेचा कोपराही गेला, आणि शासनाच्या दप्तरी आता माझ्या शाळेची उत्तर बाजू म्हणजे अक्षांश-रेखांश लिहिलेली निव्वळ ज्वारी आहे.

त्यानंतर प्रिंटरची शाई संपली आणि नवीन येईपर्यंत थांबावे लागले. तेवढ्या वेळात मला हसू येण्याचे हळूहळू बंद झाले. त्याच शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की, दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. कलम स्वच्छ आहे. पण माहिती भरणे हे काम बिगरशैक्षणिक ठरतच नाही, कारण माहिती शाळेची असते. २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा निर्णयही काढला. आमच्या तालुक्यात तो गटावर आला, आम्ही आनंदाने अंगठे दाखवले, आणि आपल्या शाळेत कोणती अशैक्षणिक कामे करावी लागतात याची माहिती विहित नमुन्यात, दोन प्रतींत, त्याच दिवशी मागवण्यात आली. अण्णांनी अर्थातच निरंक कळवले.

मदत मिळते तीही याच वाटेने येते. ‘दीक्षा’ हे ऑनलाइन पाठांचे शासकीय व्यासपीठ २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झाले, ‘निष्ठा’ हे शिक्षकांचे प्रशिक्षण २०१९ च्या ऑगस्टमध्ये. त्यांतील काही पाठ खरोखर चांगले आहेत आणि भाषा शिकवण्याविषयीचा एक पाठ मी आवडीने दोनदा पाहिला. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर म्हणते की प्रत्येक शिक्षकाला आणि मुख्याध्यापकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी. माझी काहीच हरकत नाही. परंतु पाठ पाहून झाल्यावर वर्गात काय बदलले, मुलांना काय जमले, कुठे अडले, हे मला आजवर कोणीही विचारलेले नाही. विचारतात ते प्रमाणपत्र. ते डाउनलोड करावे, छापावे, त्यावर सही-शिक्का करावा, स्कॅन करावे आणि लिंकवर चढवावे. माझ्या प्रमाणपत्रावर माझीच सही कशासाठी, हे मी एकदा बैठकीत विचारले होते. ‘मुख्याध्यापक म्हणून प्रमाणित करायचे आहे’ असे उत्तर मिळाले. मी स्वतःला प्रमाणित केले.

आणि हे सारे वर जाते. मुलांचा पट वर जातो, रोज किती मुले जेवली आणि प्रत्येकी १०० ग्रॅमप्रमाणे किती तांदूळ शिजला ते वर जाते, शौचालयाच्या दाराची कडी वर जाते, भिंत दरवर्षी वर जाते. तिकडून खाली विटा येत नाहीत, गवंडी येत नाही, ‘तुमची भिंत आम्ही पाहिली’ एवढा एका ओळीचा कागदसुद्धा येत नाही. येतो तो पुढचा नमुना, ज्यात तीच भिंत नव्या रकान्यात बसवायची असते. त्या पडलेल्या बाजूने मधल्या सुट्टीत पहिलीची मुले रस्त्यावर धावतात आणि रस्त्यावरून वाळूचे डंपर जातात. माझे सहकारी गुरुजी रोज त्या सुट्टीत डबा हातात घेऊन भिंतीच्या जागी उभे राहतात. ही सद्यःस्थिती कोणत्याही रकान्यात मावत नाही. अपेक्षित खर्चाच्या रकान्यात तर नाहीच, कारण त्याचा खर्च शासनाला खरोखरच निरंक आहे.

शाई आली. माझी हार्ड कॉपी दाखल झाली, पोच मिळाली, खुलासा वेगळ्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, गेला आणि यादीत माझी शाळा हिरवी करण्यात आली. निघताना मी मुलाला विचारले की, ही माहिती झाली. आता मला खरोखर भिंत मागायची असेल, तर अर्ज कोणाकडे द्यायचा?

त्याने प्रामाणिकपणे संगणकात शोधले. “त्याची लिंक अजून आलेली नाही, मॅडम. आली की ग्रुपवर टाकतो.”

“मागा, पण विचार करून मागा, बाई,” अण्णा पंख्याखालून म्हणाले. “भिंत बांधून झाली तर चारही बाजू बदलतील. मग मागच्या सगळ्या वर्षांचा खुलासा द्यावा लागेल.”