हात आधी जमिनीला टेकतात

जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधात जे लोक रस्त्यावर उतरले, त्यांत माझा मामा होता. त्याच्या चार महिने आधी त्याच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या मामेभावाच्या, तळहातांना मांडीची कातडी लावावी लागली होती. मेलबर्नमध्ये बसून मला या दोन गोष्टींची सांगड बरीच वर्षं घालता आली नाही. आता थोडीफार घालता येते.

मामेभावाचा अपघात म्हणावा तर अगदी साधा. रात्री नऊच्या सुमाराला ऑफिसमधून धायरीला घरी येत होता. वेग तीस-पस्तीसचा. कशासाठी तरी रस्ता खणून बुजवला होता आणि खडी तशीच पसरलेली होती. पुढचं चाक सरकलं आणि तो पडला. डोक्यावर फुलफेस हेल्मेट होतं आणि त्याचा पट्टाही लावलेला होता. कानशिलापासून हनुवटीपर्यंत त्या हेल्मेटवर ओरखडा आला होता. डोक्याला मात्र काही झालं नाही. पण पडताना हात पुढे गेले. माणूस पडायला लागला की हात पुढे जातातच, त्यासाठी मेंदूला विचारावं लागत नाही. दोन्ही तळवे खडीवरून घासत गेले. सहा आठवडे मामी त्याला घास भरवत होती. तिशीतला मुलगा, शर्टाची बटणंसुद्धा आई लावून द्यायची. व्हिडिओ कॉलवर तो बोलायचा, पण फोन मामीच्या हातात असायचा.

मामाचं म्हणणं सरळ होतं. "त्यानं हेल्मेट घातलं होतं ना? मग? रस्ता धड असता तर तो पडलाच नसता. ज्यांनी खणलं त्यांना कुणी विचारत नाही, आणि दंडाची पावती मात्र आमच्या नावावर." १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा शहरात जी चीड उसळली, तिच्यात मान दुखते, केस गळतात, हेल्मेट ठेवायचं कुठं, शहरात वेगच किती असतो, असे मुद्दे होतेच. पण मामाच्या चिडीचं मूळ वेगळं होतं. नियम फक्त खालच्या माणसाला आणि वरच्याला काहीच नाही, याची ती चीड होती, आणि ती खरी होती. मी इथून त्याला आकडे पाठवायचो. आज वाटतं, त्याला आकडे नको होते. तुझं बरोबर आहे, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

कारण त्याच्या म्हणण्यातलं अर्धं खरंच बरोबर आहे. मी राहतो त्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९६१ मध्ये मोटरसायकलवर हेल्मेट सक्तीचं केलं. असा कायदा करणारं ते जगातलं पहिलं राज्य. आता इथं त्यावर कुणी वाद घालत नाही. परदेशातले आपले लोक एवढंच सांगून थांबतात आणि "बघा, शिस्त!" म्हणतात. त्या शिस्तीच्या पाठीशी काय उभं आहे, ते सांगायचं राहून जातं. इथं रस्त्यात अपघात होऊन माणूस जखमी झाला, तर चूक कुणाची हे न पाहता उपचारांचा खर्च ट्रान्सपोर्ट अॅक्सिडेंट कमिशन ही सरकारी संस्था उचलते. काम बुडालं तर पगाराचाही काही भाग देते. त्याचे पैसे गाडीच्या नोंदणीबरोबरच घेतले जातात. १२५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलींना वेगळा सुरक्षा कर २००२ पासून भरावा लागतो, आणि तो निधी मोटरसायकलवाल्यांच्याच सुरक्षेवर, धोक्याची वळणं सुधारण्यावर वगैरे खर्च होतो. म्हणजे सरकार माझ्या डोक्यावर हेल्मेट मागतं तेव्हा माझ्या हाडांची जबाबदारीही घेतं. पुण्यात मामेभावाच्या दोन शस्त्रक्रियांचे पैसे मामानं मुदत ठेव मोडून भरले. त्या माणसाला "नियम पाळा" म्हणायचा अधिकार मला इथून सहज मिळत नाही.

पण त्याच्या म्हणण्यातलं दुसरं अर्धं मला पटत नाही. का, ते माझ्याच अंगावर लिहिलेलं आहे.

२०१६ च्या जुलैमध्ये, इथल्या ऐन थंडीत, ब्रन्सविकमधल्या सिडनी रोडवर मी पडलो. त्या रस्त्यावरून ट्राम जाते. पावसात रूळ साबणासारखे होतात, आणि ते काटकोनात ओलांडायचे हे शिकवलेलं असतं. एक मोटार अचानक थांबली, मी बाजूला घ्यायला गेलो आणि चाक तिरकं रुळावर गेलं. वेग जेमतेम तीस. उजव्या कुशीवर पडून पाच-सहा मीटर घसरत गेलो. अंगात रायडिंग जॅकेट होतं, हातात तळव्याला टणक पट्टी असलेले चामडी ग्लोव्ह्ज होते, डोक्यावर हेल्मेट होतं. आणि पायात साधी जीन्स, कारण जवळच तर जायचं होतं.

घरी आल्यावर सगळं पलंगावर मांडून पाहिलं. जॅकेटच्या कोपराचं काळं कापड घासून पांढरं पडलं होतं, पण शिवण उसवली नव्हती आणि आतलं पॅड जागच्या जागी होतं. उजव्या ग्लोव्हच्या पट्टीवर सरळ रेषेत चरे होते. आतला तळवा कोरा, लालसुद्धा झालेला नाही. आणि जीन्सला गुडघ्यावर बशीएवढं भोक, त्याखालचा गुडघा सोलून निघालेला. हॉस्पिटलात नर्सनं त्यातली वाळू आणि काळी कच ब्रशनं घासून काढली. अर्धा तास लागला. ती सारखी "सॉरी" म्हणत होती. एकच रस्ता, एकच वेग, एकच माणूस. जिथं संरक्षक कपडे होते तिथं कातडं राहिलं, जिथं नव्हते तिथं गेलं. गुडघ्यात एक काळा ठिपका अजून आहे, कच आतच राहिलेली.

त्या रात्री मला मामेभावाचा विचार सुचायचं कारण नव्हतं, तो दोन वर्षांनी पडला. पण तो पडला तेव्हा पहिली आठवण झाली ती त्या कोऱ्या तळव्याची.

आपल्याकडे सगळी चर्चा हेल्मेटपाशी सुरू होते आणि हेल्मेटपाशीच संपते. हेल्मेट पहिलं, यात शंकाच नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं प्रसिद्ध केला. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं निघालं. "शहरात वेगच किती असतो" या मुद्द्याचं उत्तर तर शाळेतल्या पदार्थविज्ञानात आहे. गाडी उभी असताना नुसतं आडवं पडलं आणि डोकं दीड-पावणेदोन मीटरवरून जमिनीवर आदळलं, तरी ते ताशी वीस किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं आदळतं. युरोपीय मानकाच्या चाचणीत हेल्मेट पाडतात ते साधारण २७ ते ३० किलोमीटर वेगानंच. म्हणजे हेल्मेट लक्ष्मी रोडच्या वेगासाठीसुद्धा केलेलं आहे, फक्त एक्स्प्रेसवेसाठी नाही. आणि ते पूर्ण तोंडाचं हवं. जर्मनीत हॅनोव्हरला डिटमार ओटं यांनी अपघातातल्या हेल्मेटांवर मार कुठं लागलाय ते नोंदवलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागावर निघाला. पोलिसांपुरतं घातलेलं टोपीसारखं अर्धं हेल्मेट तो भाग उघडाच ठेवतं. मामेभावाच्या हेल्मेटवरचा ओरखडाही हनुवटीपर्यंत गेला होता.

पण हेल्मेट तळवे वाचवत नाही. गुडघा, घोटा, खांदाही वाचवत नाही. आणि आपल्याकडे दुचाकीवरून पडून जगलेल्या माणसाचं पुढचं वर्ष याच गोष्टींत जातं. मनगटात स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. हात टेकून पडलं की ते मोडतं, आणि त्याला रक्तपुरवठा अपुरा असल्यानं ते महिनोन् महिने जुळत नाही. सुतार, प्लंबर, डिलिव्हरी करणारा पोरगा, संगणकावर टंकणारा कारकून, यांचं पोट त्या हाडावर असतं. ग्लोव्हच्या तळव्यावरची टणक पट्टी हात जमिनीला चिकटून पिरगळू देत नाही, त्याला घसरू देते. तिचं काम एवढंच.

कॅनबेरा परिसरात लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये आला. रायडिंगचं जॅकेट घातलेल्यांना हॉस्पिटलात दाखल व्हावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी होती, पँट घातलेल्यांची ५१ टक्क्यांनी आणि ग्लोव्ह्ज घातलेल्यांची ५९ टक्क्यांनी. ग्लोव्ह्ज घालणारा माणूस मुळात जपून चालवणारा असेल, हेही त्यात धरायला हवं. तरीही माझ्या पलंगावर मांडलेला पुरावा याच बाजूचा होता.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मोटरसायकलसाठी म्हणून विकल्या गेलेल्या कपड्यांपैकी पाव भागाहून जास्त कपडे अपघातात फाटले किंवा उसवले होते. नाव रायडिंग जॅकेट, काम साध्या कोटाचं. म्हणून इथं २०१८ मध्ये मोटोकॅप सुरू झालं. हे लोक दुकानातून गिऱ्हाइकासारखं जॅकेट विकत घेतात, डीकिन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते घासून, आपटून, ताणून पाहतात आणि तारे देतात. महाग ते मजबूत असं नसतं, हे त्यांच्या यादीत दिसतं. आणि तारे दोन प्रकारचे असतात. एक संरक्षणाचे, दुसरे उकाड्यात ते कपडे अंगावर किती सुसह्य होतात याचे.

हे दुसरे तारे मी मामाला मुद्दाम दाखवले. "तुमच्याकडे थंडी, तुम्हाला काय जातंय जॅकेट घालायला" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मेलबर्नला फेब्रुवारी २००९ मध्ये ४६.४ अंश तापमान नोंदलं गेलंय. बहुतेक उन्हाळ्यांत चाळिशी ओलांडणारे दिवस येतात, आणि त्या दिवशी टी-शर्टवर मोटरसायकल हाकणारे इथंही दिसतात. कारण संरक्षक साधनांपैकी कायद्यानं इथंही फक्त हेल्मेटच बंधनकारक आहे. तेव्हा थंडी-उन्हाळ्याचा हा प्रश्न आमचाही आहे. पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, सिग्नलला उभ्या स्कूटरवर, जाळीचं जॅकेटसुद्धा नकोसं होईल हे मला मान्य आहे. तिथं मी जॅकेटचा आग्रह धरणार नाही. ग्लोव्ह्ज आणि घोटा झाकणारे बूट यांचा धरीन. चप्पल घालून गाडी चालवणाऱ्याच्या पायाचं काय होतं, ते कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारावं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र पोलिसांनी डबलसीट बसणाऱ्याच्या हेल्मेटवरही कारवाई करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा रण माजलं. वास्तविक मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये मागे बसणारा १९८८ पासूनच आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले, त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. मी हा आकडा टाकला. त्यावर मामी, जी ग्रुपवर कधी लिहीत नाही, तिनं लिहिलं, "अरे, अंबाड्यावर बसत नाही ते."

मी तिला फोन केला. तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. दुकानातली सगळी हेल्मेट मागून खाली येतात ती नेमकी अंबाड्याच्या जागी. मग एक तर ती हेल्मेट डोक्यावर नुसतं टेकवणार, पट्टा न लावता, म्हणजे पडताना आधी तेच उडणार; नाही तर देवळात जाताना केस मोकळे सोडणार, ते तिला चालत नाही. साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईसाठी हेल्मेट कसं असावं, याचा विचार बनवणाऱ्यांनी केलेला मला दिसला नाही. शेवटी तिनंच उपाय काढला. वेणी घालून पदराखाली सोडते आणि उतरल्यावर अंबाडा बांधते. दोन मिनिटं लागतात, म्हणाली. तिचं हे एक वाक्य मामाला माझ्या सहा वर्षांच्या आकड्यांपेक्षा जास्त पटलं. ती मागे हेल्मेट घालून बसायला लागली आणि पुढे बसलेल्या त्याला उघड्या डोक्यानं चालवणं अवघड झालं.

सरकारकडून माझं मागणं दंड वाढवा असं नाही. २०२१ च्या जूनपासून आपल्याकडे आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. हे चांगलं पाऊल आहे. रस्त्याकडेला त्या चिन्हाचा नुसता स्टिकर लावलेली टोपी मिळते ती बंद व्हायला हवी, आणि ग्लोव्ह्ज-जॅकेटांचीही मोटोकॅपसारखी उघड तपासणी व्हायला हवी. हजार-दीड हजार रुपये घालणाऱ्याला आपण काय विकत घेतोय हे कळलं पाहिजे. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या पोरांना कंपन्या टी-शर्ट आणि पिशवी देतात, त्यात ग्लोव्ह्ज आणि बूट का नसावेत? आणि रस्ता खणणाऱ्यानं खडी झाडून जायला हवं. मामाचा हा मुद्दा मी कधीच सोडणार नाही. तो मोर्चा या मागणीसाठी निघाला असता, तर मी तिकीट काढून आलो असतो.

डिसेंबरात पुण्याला येतोय. मामेभाव पडला त्याच वर्षी मी त्याला ग्लोव्ह्ज पाठवले होते. उजव्या तळव्याची नवी कातडी थोडी आकसलेली आहे, मूठ पूर्ण वळत नाही, पण ते घालून तो रोज गाडी चालवतो. परवा मामाचा मेसेज आला. "मलाही आण. माप कसं घ्यायचं?" मी सांगितलं, अंगठा सोडून तळव्याचा घेर मोजायचा, उजव्या हाताचा. दहा मिनिटांनी फोटो आला. त्याचा उघडा तळवा, त्याभोवती मामीची शिवणाची पिवळी टेप, आणि खाली लिहिलेलं, "२१ सेंटिमीटर. हिचं १८."